मोडींत निघालेलें विमान

एकत्र कुटुंबांत दिवाणखान्यांतील जुनें घड्याळ बंद पडलें, म्हणजे त्याचें पुढें काय करावें या प्रश्नावर घरांत जितकीं माणसें तितकीं मतें निघतात. आजोबा म्हणतात, माळ्यावर ठेवून द्या. धाकटे चिरंजीव म्हणतात, मोडींत घालून नवें आणा. आणि एखादे काका असे असतात, कीं ते कोणास न विचारतां तें उघडून त्याचीं चाकें रॉकेलमध्यें धुवावयास बसतात. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जी हकीकत ठेवीत आहों तिच्यांत हे तिन्ही स्वभाव भेटतील. घड्याळाच्या जागीं मात्र चार एंजिनांचें आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट पसरलेलें बाँबफेकें विमान आहे. अमेरिकेंत तें दर तासास एक या वेगानें तयार झालें, हिंदुस्थानांत तें मुद्दाम मोडून टाकण्यांत आलें, आणि त्या मोडक्या सांगाड्यांतून बंगलोरच्या कारागिरांनीं तें पुन्हां आकाशांत पाठविलें. त्याचें अमेरिकन सैन्यांतलें नांव बी-२४. इंग्रजांनीं त्यास 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता, हें नांव दिलें आणि तेंच जगांत रूढ झालें.

त्याच्या जन्माची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. १९३९ च्या जानेवारींत अमेरिकन सैन्याच्या हवाई विभागानें सॅन डिएगो येथील कन्सॉलिडेटेड कंपनीस विचारलें, कीं बोइंग कंपनीचें बी-१७ हें विमान तुम्हीही आपल्या कारखान्यांत बनवाल काय? कंपनीचे मालक रूबेन फ्लीट यांस दुसऱ्याच्या नकलेवर आपले कारागीर खपविणें रुचलें नाहीं. याहून सरस विमान आम्ही स्वतःच करून देऊं, असें त्यांनीं उत्तर दिलें. मार्चमध्यें करार झाला आणि २९ डिसेंबर १९३९ रोजीं पहिलें विमान उडालेंसुद्धां. नऊ महिन्यांत जन्मास येण्याचा मान यंत्रांच्या जगांत फारसा कोणास लाभत नाहीं.

या घाईस आधार होता तो एका विलक्षण पंखाचा. डेव्हिड डेव्हिस नांवाचा एक निष्कांचन संशोधक आपली पंखाची आकृति घेऊन फ्लीट यांजकडे आला होता. कॅलिफोर्नियांतील तंत्रविद्यापीठाच्या वातबोगद्यांत तिची परीक्षा झाली तेव्हां आंकडे इतके चांगले निघाले, कीं परीक्षकांस आपलींच उपकरणें बिघडलीं असावीत अशी शंका आली आणि त्यांनीं पुन्हां पुन्हां मापें घेतलीं. पंख लांब पण अरुंद होता. विमान उडतांना पंखाच्या टोकांशीं हवेचे भोंवरे उठतात आणि ते विमानास मागें ओढतात; पंख लांब व अरुंद असला तर ही ओढ कमी पडते. महासागरावर दिवसचे दिवस तरंगणाऱ्या समुद्रपक्ष्यांचे पंख याच घडणीचे असतात. त्यामुळें तितक्याच पेट्रोलवर लिबरेटर पुष्कळ दूर जाऊं शकत असे.

मात्र याच पंखावर गोळा बसला तर तो चटकन मोडत असे. एकंदर विमान दिसावयासही देखणें नव्हतें. बी-१७ ज्या खोक्यांत घालून पाठवितात तें खोकें म्हणजे लिबरेटर, अशी वैमानिकांत थट्टा होती. पोटाचीं दारें आपल्या दुकानांच्या फळ्या गुंडाळून वर जातात तशीं बाहेरच्या अंगावर सरकत. आंत बाँब टांगलेल्या जागेंतून पुढून मागें जावयास अवघी नऊ इंच रुंदीची पट्टी होती. दहा माणसें त्या पोटांत बसत. वर हवेंत शून्याखालीं चाळीस अंशांची थंडी, श्वासासाठीं तोंडावर प्राणवायूची नळी, आणि संकट आलेंच तर पुढच्या माणसांस त्या नऊ इंचांच्या वाटेनें जाऊन उडी टाकावयाची.

या विमानानें युद्धांत कोठें काय केलें याची यादी देत बसलों तर हा अंक पुरणार नाहीं. त्यांतील एक कामगिरी आमच्या मतें सर्वांत मोठी, आणि ती बाँब टाकून शहरें जाळण्याची नव्हे. अटलांटिक महासागराच्या मध्यावर एक पट्टा असा होता, कीं दोन्ही किनाऱ्यांवरून निघालेलीं विमानें तेथवर पोंचत नसत. जर्मन पाणबुड्या नेमक्या तेथें टपून बसत आणि इंग्लंडास धान्य व तेल नेणारीं जहाजें बुडवीत. १९४१ च्या सप्टेंबरापासून इंग्रजांच्या १२० क्रमांकाच्या पथकानें उत्तर आयर्लंडांतून लिबरेटर त्या पट्ट्यावर धाडण्यास सुरुवात केली, आणि १९४३ च्या वसंतांत तो पट्टा अखेर बुजला. त्या वर्षाच्या एका मे महिन्यांत चाळीसच्या आसपास पाणबुड्या नाश पावल्या आणि जर्मन नौसेनापति डोनित्स यांस त्या मागें घ्याव्या लागल्या. हें श्रेय एकट्या लिबरेटरचें नव्हे. रडार, सांकेतिक संदेशांचा उलगडा आणि छोटीं विमानवाहू जहाजें यांचाही त्यांत वाटा होता. पण इतकें मोठें फळ देणारीं हीं लांब पल्ल्याचीं विमानें त्या वेळीं अगदीं मोजकीं होतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

याच्या उलट १ ऑगस्ट १९४३ चा दिवस. लिबियांतील बेनगाझीजवळून १७७ लिबरेटर रुमानियांतील प्लोएश्ट येथील तेलशुद्धीचे कारखाने उद्ध्वस्त करण्यास निघालीं. तीं झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवरून शिरलीं. पन्नासाहून अधिक विमानें गमावलीं, तीनशेंहून अधिक तरुण मेले, आणि कारखाने थोड्याच दिवसांत पुन्हां चालूं लागले. शौर्याचीं पदकें त्या दिवशीं पुष्कळ वांटलीं गेलीं. हिशेब मात्र तेवढ्यानें पुरा झाला नाहीं.

आतां त्या कारखान्याकडे वळूं. मिशिगन संस्थानांत विलो रन या ठिकाणीं पूर्वी शेतें होतीं. फोर्ड कंपनीचे चार्ल्स सोरेन्सन १९४१ च्या जानेवारींत सॅन डिएगोस जाऊन कन्सॉलिडेटेडची पद्धत पाहून आले. तेथें विमान घर बांधल्याप्रमाणें एकेक करून बांधीत असत. सोरेन्सन यांनीं त्याच रात्रीं हॉटेलाच्या खोलींत बसून नव्या कारखान्याचा आराखडा कागदावर काढला: मोटारी जशा सरकत्या पट्ट्यावर जोडतात तसेंच विमान जोडावयाचें आणि तासास एक बाहेर काढावयाचें. तज्ज्ञ हंसले. मोटारीचे भाग कांहीं हजारांत मोजतां येतात. लिबरेटरचे भाग लाखांत होते आणि त्यांस जोडणारीं रिव्हेटें तीन लाखांहून अधिक. शिल्पज्ञ आल्बर्ट कान यांनीं प्रचंड लांबीची इमारत उभी केली. ती मध्येंच काटकोनांत वळते. जोडकामाची ओळ शेजारच्या परगण्यांत शिरून तेथला कर भरावा लागूं नये म्हणून हें वळण घातलें, असें सांगतात. राष्ट्र युद्धांत असतांनाही घरपट्टीची काळजी सुटत नाहीं, हें वाचून आमच्या गृहस्थ वाचकांस जवळीक वाटेल.

पहिलीं दीड-दोन वर्षें थट्टेचीं गेलीं. विलो रन या नांवावर 'हें चालेल काय?' अशा अर्थाची कोटी लोक करीत. सैन्य आराखड्यांत रोज बदल मागे, आणि प्रत्येक बदलापायीं पोलादाचे महागडे सांचे टाकून द्यावे लागत. पण १९४४ मध्यें तेथून खरोखरच तासागणिक सुमारें एक विमान बाहेर पडूं लागलें. पांच कारखान्यांनीं मिळून १८,००० हून अधिक लिबरेटर बांधलीं. त्यांत एकट्या विलो रनचा वाटा, जोडणीसाठीं अन्यत्र पाठविलेल्या संचांसह, ८,६८५ चा होता. इतक्या संख्येनें दुसरें कोणतेंही मोठें बाँबफेकें विमान जगांत आजवर बांधलें गेलेलें नाहीं. कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. काल-परवांपर्यंत स्वयंपाकघर किंवा दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या बायका पत्र्याच्या एका बाजूस रिव्हेटाची बंदूक आणि दुसऱ्या बाजूस टेकण धरून दिवसाचे आठ-दहा तास उभ्या राहत.

या पद्धतीचें एक मर्म आहे, आणि पुढच्या हकीकतीसाठीं तें लक्षांत घेणें अवश्य आहे. तेथें कोणासही संपूर्ण विमान यावें लागत नसे. ज्याचें त्याचें काम चार-दोन हालचालींत संपे. सारें ज्ञान सांच्यांत आणि ओळींत भरून ठेवलेलें. माणूस बदलला तरी विमान तेंच निघे.

हीं विमानें हिंदुस्थानांत आलीं तीं बंगालमध्यें. दिग्री, सालबनी, जेसोर, पांडवेश्वर अशा गांवांशेजारीं लांबलचक धांवपट्ट्या बांधल्या गेल्या. ज्या १९४३ सालीं तेथें रोज टनावारी पेट्रोल उतरत होतें, त्याच सालीं त्याच प्रांतांत लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. हें वाक्य लिहितांना लेखणी अडखळते, तरी तें लिहिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तेथून लिबरेटर रंगून, बँकॉक आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वे यांवर हल्ले करीत. १९४४ च्या ऑक्टोबरांत दिग्रीचीं विमानें थेट पेनांगच्या बंदरांत सुरुंग पेरून परत आलीं. जाऊन येऊन अंतर तीन हजार मैलांच्या घरांतलें. सयामच्या त्या रेल्वेवर जपान्यांनीं कैदी आणि पकडून आणलेले आशियाई मजूर राबविले होते, त्यांत मलायांतले तामिळ मजूरही होते. पुलांवर पडलेल्या बाँबांनीं शेजारच्या छावण्यांतले हे लोकही मेले. मुक्तिदात्याच्या हातून असेंही घडलें.

युद्ध संपलें आणि प्रश्न उभा राहिला तो उसनवारीचा. इंग्रजांकडील लिबरेटर अमेरिकेनें उसनवार-भाडेपट्टीच्या योजनेखालीं दिलेलीं होतीं. युद्धांत खर्ची पडलें त्याची किंमत नाहीं. उरलेलें मात्र परत करा, विकत घ्या, नाहीं तर नष्ट करा, असा व्यवहार होता. परत नेण्यास अमेरिकेस इच्छा नव्हती, कारण तिच्या घरींच हजारों विमानें ॲरिझोनाच्या वाळवंटांत ओळीनें उभीं करून वितळविण्यांत येत होतीं. विकत घेण्यास इंग्लंडाजवळ पैसा नव्हता. तिसरी वाट उरली. कानपुरास चकेरीच्या विमानतळावर गोळा केलेलीं लिबरेटर तेथल्या तेथें निकामी करण्यांत आलीं. पत्र्यांत कुदळींनीं भोकें पाडलीं, तारा तोडल्या, एंजिनांत वाळू ओतली, अशीं वर्णनें आहेत. मग तीं उन्हापावसांत पडून राहिलीं.

आमच्या मतें यांत दुष्टावा शोधण्याचें कारण नाहीं. तो कागदावरच्या एका कलमाचा अंमल होता, आणि कागदाचा अंमल करणारे हात नेहमींच असे शिस्तीचे असतात.

१९४७ च्या ऑक्टोबरांत काश्मीरचें युद्ध सुरू झालें तेव्हां स्वतंत्र हिंदुस्थानच्या हवाई दलाजवळ मोठें बाँबफेकें विमान एकही नव्हतें. बाहेरून नवीं घेण्यास परकीय चलन हवें आणि देणाराची मर्जीही हवी. तेव्हां कानपुरच्या त्या सांगाड्यांची आठवण झाली आणि बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीस विचारणा झाली, कीं यांतून कांहीं करतां येईल काय?

ही कंपनी कोणाची, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको. पण नव्या पिढीसाठीं सांगतों. सोलापुरचे शेठ वालचंद हिराचंद यांची १९३९ सालीं पॅसिफिक ओलांडतांना विमानांतच विल्यम पॉली या अमेरिकन व्यापाऱ्याशीं गांठ पडली, आणि त्या बोलण्यांतून १९४० च्या डिसेंबरांत म्हैसूर दरबारच्या भागीदारीनें बंगलोरास कारखाना निघाला. १९४२ मध्यें जपानी दाराशीं येतांच सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ मध्यें कारखाना अमेरिकन हवाई सैन्याच्या हवालीं झाला व त्यांचा ८४ वा विमान-डेपो बनला. वालचंदांचें विमानें बांधण्याचें स्वप्न असें बाजूस पडलें. पण त्यामुळें एक गोष्ट अशी घडली, कीं जिचा हिशेब कोणी मांडला नव्हता. दोन वर्षें हजारों हिंदी कारागीर त्या डेपोंत विमानें उघडीत, सांधीत, जोडीत राहिले. अमेरिकेचीं निरनिराळ्या जातींचीं विमानें तेथें दुरुस्तीस येत, आणि त्यांत लिबरेटरही असत.

या घटनेस कोणी चमत्कार म्हणतात, कोणी हल्लींच्या भाषेंत जुगाड म्हणतात. आम्हांस दोन्ही शब्द मान्य नाहींत. चमत्कार म्हटलें कीं शिक्षणाचे दिवस पुसले जातात, आणि जुगाड म्हटलें कीं तारेनें बांधून वेळ मारून नेल्याचा भास होतो. दहा माणसें पोटांत घेऊन समुद्रावर तासचे तास जाणारें विमान तारेनें बांधतां येत नाहीं. वाळू गेलेलें एंजिन शेवटच्या कड्यापर्यंत सोडवून धुवावें लागतें; एकेका एंजिनास चौदा सिलिंडर, अशीं चार एंजिनें. तुटलेल्या तारांच्या जागीं नव्या ओढून त्यांचा ताण मोजावा लागतो. एका सांगाड्यांतला धड भाग दुसऱ्यांत बसवितांना तो कितपत थकला आहे हें ओळखावें लागतें. विलो रनच्या कामगारास चार हालचाली पुरत होत्या. येथें सांचे नाहींत, ओळ नाहीं. म्हणून सारें विमान कारागिराच्या डोक्यांत असावें लागलें. तें असूं शकलें याचें कारण तो पांच वर्षें आधीं तें शिकला होता.

कानपुरास आधीं विमान कसेंबसें उडण्याजोगें करावयाचें, मग सुमारें नऊशें मैल उडवीत बंगलोरास न्यावयाचें आणि तेथें पक्की दुरुस्ती करावयाची, असा क्रम ठरला. यांतला मधला टप्पा सर्वांत जिवावरचा. तो पार पाडला कंपनीचे परीक्षक-वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं. ज्या विमानाचा प्रत्येक सांधा मुद्दाम मोडला गेला होता आणि ज्याची खरी तपासणी पोंचल्यावर व्हावयाची होती, त्यांत बसून ते विंध्य-सातपुडा आणि दख्खन ओलांडून गेले. आणि असें एकदां नव्हे, तर चाळिसांच्या आसपास विमानांच्या बाबतींत. सैनिकी पदक मिळावें असा त्यांचा पेशा नव्हता. पुढें १९५१ मध्यें डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखालीं आंखलेलें एच. टी.-२ हें पहिलें हिंदी बनावटीचें शिकाऊ विमान प्रथम आकाशांत नेलें, तेंही याच मुन्शींनीं. घाटगे गॉटिंगेनचे, प्रांटलसारख्या आचार्यांचे शिष्य. एकाच कारखान्याच्या आवारांत जर्मनीची विद्या आणि मोडींतल्या विमानांची विद्या शेजारीं शेजारीं नांदत होती.

१९४८ च्या नोव्हेंबरांत पहिलीं दुरुस्त लिबरेटर हवाई दलाच्या ५ क्रमांकाच्या पथकास मिळालीं. काश्मिरांत १ जानेवारी १९४९ रोजीं शस्त्रसंधि झाला, त्यामुळें ज्या निकडीनें हें काम निघालें तिला तीं फारशीं उपयोगी पडलीं नाहींत. ही गोष्ट कांहीं लेखक गाळतात. आम्ही गाळीत नाहीं. पण विमानें राहिलीं. १९५१ मध्यें ६ क्रमांकाचें पथक पुण्यास लिबरेटरसह उभें राहिलें आणि त्याच्याकडे समुद्रावरील टेहळणीचें काम आलें. अटलांटिकवर ज्या कामासाठीं या पंखाची ख्याति झाली, त्याच कामावर तो पुन्हां रुजू झाला. आतां तो अरबी समुद्रावर फिरूं लागला. लोहगांवाहून निघालेल्या चार एंजिनांचा तो जड, संथ आवाज पुण्यांतील वडीलधाऱ्या वाचकांपैकीं कांहींना आठवत असेल. ५ क्रमांकाच्या पथकास १९५७ मध्यें कॅनबेरा हीं जेट विमानें आलीं, ६ क्रमांकाच्या पथकांत एअर इंडियाचीं जुनीं सुपर कॉन्स्टेलेशन दाखल झालीं, तरी कांहीं लिबरेटर उडतच राहिलीं. जगांतील इतर सैन्यांनीं तीं केव्हांच टाकलीं होतीं. हिंदुस्थानानें तीं १९६८ अखेर निवृत्त केलीं, आणि त्याबरोबर या विमानाची सैनिकी नोकरी जगांतून संपली.

तेव्हां अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथील संग्रहालयांच्या ध्यानांत आलें, कीं अठरा हजारांतून आपल्यापाशीं जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं. वितळविलेल्या विमानांचीं भांडीं केव्हांच झालीं होतीं. एक विमान १९६८ मध्यें कॅनडास गेलें. दुसरें त्यानंतर ॲरिझोनास गेलें. ज्या वाळवंटी मुलखांत हजारों लिबरेटर वितळविलीं, तेथल्याच टूसान शहराच्या संग्रहालयांत तें उभें राहिलें. आणखी एक इंग्लंडमार्गें अमेरिकेंतील कॉलिंग्ज संस्थेकडे पोंचलें. तेथें त्याची पुन्हां दुरुस्ती होऊन १९८९ मध्यें तें उडालें. आज जगांत जीं मोजकीं लिबरेटर शाबूत आहेत, त्यांपैकीं निदान चार-पांच कानपुरच्या त्या ढिगांतून निघालेलीं आहेत.

त्यांतल्या एकाचा जुना इंग्रजी क्रमांक के. एन. ७५१. युद्धाच्या शेवटीं तें इंग्रजांच्या ९९ क्रमांकाच्या पथकाबरोबर हिंदी महासागरांतील कोकोस बेटांवर होतें. मग कानपुर, मग बंगलोर, मग वीस वर्षें हिंदी हवाई दल. १९७४ मध्यें तें ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयास भेट म्हणून देण्यांत आलें, आणि तें जहाजांत भरून नव्हे, तर स्वतःच्या चार एंजिनांवर उडत इंग्लंडास जाऊन उतरलें.